प्रबंध आहे की नाही, आणि असला तर कुठे? : संगीत-संशोधकांचे प्रश्न

प्रश्न : ठुमरीवर पीएच.डी. करायची आहे. मार्गदर्शक म्हणाले, आधी कोणी काय काम केलंय ते पाहून या. दोन दिवस गुगलवर शोधलं, चार प्रबंध हाती लागले. म्हणजे काम एवढंच झालंय असं धरायचं का?

उत्तर : तसं धरू नका. गुगलवर चार दिसले याचा अर्थ चार प्रबंधांची पानं गुगलच्या हाती लागली, इतकाच. प्रबंध-शोधाचे दोन प्रश्न अगदी वेगळे ठेवा. पहिला : असा प्रबंध कुठे झालाय का? दुसरा : त्याची प्रत कुठे मिळेल? बहुतेकांची गफलत अशी होते की प्रत सापडली नाही, की ते 'या विषयावर काम झालेलं नाही' असं लिहून मोकळे होतात. मग मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षक नेमका तोच प्रबंध काढतात.

पहिल्या प्रश्नासाठी सूची लागतात, दुसऱ्यासाठी भांडारं. सूचीत नुसती नोंद असते : नाव, विद्यापीठ, वर्ष, फार तर सारांश. भांडारात फाइल असते. सुरुवात भारतातल्या शोधगंगेपासून करा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, तेव्हापासून ते भरत गेलं. काही विद्यापीठांनी त्याआधीचे प्रबंधही स्कॅन करून टाकलेत, पण सगळ्यांनी नाही. त्यामुळे २००९ पूर्वीचा प्रबंध तिथे नसेल तर त्यावरून कसलाच निष्कर्ष काढू नका.

शोधगंगेवर फक्त शोधचौकटीत शब्द टाकून थांबू नका. विद्यापीठांच्या यादीतून आत शिरा आणि विभाग उघडून शीर्षकं वाचा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही, कारण संगीताचा विभाग प्रत्येक ठिकाणी निराळ्या नावाने बसलेला असतो : कुठे संगीत, कुठे परफॉर्मिंग आर्ट्स, कुठे फाइन आर्ट्स, कुठे ललित कला. शिवाय संगीतावरचा प्रबंध संगीत विभागातच झालेला असतो असंही नाही. तंबोऱ्याच्या ध्वनीवरचा भौतिकशास्त्रात सापडतो, संगीतोपचारावरचा मानसशास्त्रात, नाट्यपदांवरचा मराठीत, 'संगीतरत्नाकरा'वरचा संस्कृतात, संगणकाने राग ओळखण्यावरचा इलेक्ट्रॉनिक्समध्ये. ठुमरीच्या बाबतीत हिंदी, इतिहास आणि समाजशास्त्र हे तीन विभाग वगळू नका. ठुमरी गाणाऱ्या स्त्रियांवरचं काम बरंचसं तिकडे आहे.

मग परदेशी सूची. प्रोक्वेस्ट ही सर्वांत मोठी. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथे सुरू झालेल्या युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्सची ही वारस, म्हणून जुन्या संदर्भांत 'यूएमआय क्रमांक' दिसतो तो इथलाच. वर्गणीची सेवा आहे, तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. हिच्यातला एक बारकावा ठाऊक असायला हवा. डॉक्टरेट प्रबंधांचे सारांश १९८० पासूनच्या नोंदींना आहेत, पदव्युत्तर प्रबंधांचे १९८८ पासून. त्याआधीच्या नोंदीत शोधयंत्राला शीर्षकापलीकडे फारसं काही मिळत नाही. १९७० च्या दशकातल्या एखाद्या प्रबंधाच्या शीर्षकात 'ठुमरी' नसेल, 'नॉर्थ इंडियन लाइट क्लासिकल' असं काही असेल, तर 'ठुमरी' टाकून तो सात जन्मांत सापडणार नाही. या काळासाठी व्यापक शब्द टाका आणि यादी डोळ्यांनी वाचा.

तिथेच विषय-संकेतही वापरता येतात : संगीत ०४१३, संगीत-शिक्षण ०५२२. पण भारतीय संगीतावर परदेशात झालेलं बरंच काम सांस्कृतिक मानवशास्त्राखाली, म्हणजे ०३२६ खाली नोंदलेलं असतं. ०४१३ ची गाळणी लावलीत तर यातलं बरंचसं गळून जाईल.

यानंतर रिल्म. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संगीत-साहित्याची आंतरराष्ट्रीय सारांशसूची, फक्त संगीताला वाहिलेली आणि प्रबंधांची नोंद घेणारी. हिलाही वर्गणी लागते. फुकटातल्या तीन : ओएटीडी (ओपन अ‍ॅक्सेस थिसिस अँड डिझर्टेशन्स), एनडीएलटीडी (नेटवर्क्ड डिजिटल लायब्ररी ऑफ थिसिस अँड डिझर्टेशन्स) आणि जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाचं बेस हे शोधयंत्र. बेसमध्ये 'दस्तऐवजाचा प्रकार' म्हणून प्रबंध निवडता येतो. गुगल स्कॉलरला ही सोय नाही, तिथे लेख, पुस्तकं आणि प्रबंध एकाच ढिगात येतात.

प्रश्न : 'ख्याल' आणि 'राग' टाकून शोधलं तर प्रत्येक वेळी वेगळेच निकाल येतात. रोमन स्पेलिंग नक्की कोणतं धरायचं?

उत्तर : एक धरायचंच नाही, सगळी धरायची. शोध सर्वांत जास्त वेळा फसतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर.

'ख्याल' रोमनमध्ये निदान तीन प्रकारे लिहिलेला सापडतो : के-एच-वाय-ए-एल, के-एच-ए-वाय-ए-एल आणि बंगाली वळणाचा के-एच-ई-वाय-ए-एल. 'राग' कधी शेवटच्या ए शिवाय, कधी ए सकट, कधी मध्ये दोन ए घालून, तर दाक्षिणात्य प्रबंधांत शेवटी ए-एम लावून. 'संगीत' मध्ये दोन ई, किंवा एक आय, किंवा संस्कृत वळणाने शेवटी ए. 'ताल' एका ए चा, दोन ए चा, शेवटी ए असलेला. 'ध्रुपद' डी-एच ने, पण संस्कृत विभागात 'ध्रुवपद'. 'नाट्यसंगीत' एक शब्द की दोन, हा प्रश्न आणखी वेगळा. पाश्चात्त्य विद्यापीठांतले लेखक अक्षरांवर आडव्या रेघा नि खाली टिंबं देतात. काही शोधयंत्रं ती चिन्हं दुर्लक्षून साधं अक्षर मानतात, काही मानत नाहीत. ठुमरीच्या 'ठ'मधल्या टी खाली टिंब असेल तर तो शब्द दुसराच ठरू शकतो.

करायचं असं. कागदावर उभ्या ओळीत आपल्या विषयाचे पाच-सहा मुख्य शब्द लिहा, प्रत्येकापुढे सुचतील तितकी स्पेलिंगं. मग ती 'ऑर' ने जोडून कंसात घाला आणि दोन कंसांमध्ये 'अँड'. प्रोक्वेस्टमध्ये शब्दाच्या शेवटी तारका लावली तर पुढची अक्षरं काहीही चालतात. पण के-एच-ए पाशीच तारका लावू नका, खमाज, खंडमेरू आणि खान आडनावाचे सगळे कलावंत एकदम हजर होतील. गुगलमध्ये ही तारका अशी चालत नाही. तिथे ती आख्ख्या शब्दाच्या जागी धरली जाते, तेव्हा तिथे स्पेलिंगं एकेक करूनच टाकावी लागतात.

देवनागरीत तरी सुटका आहे का? नाही. 'हिंदुस्तानी', 'हिन्दुस्तानी', 'हिंदुस्थानी' हे यंत्रासाठी तीन शब्द आहेत. 'गंधर्व' आणि 'गन्धर्व' दोन. हिंदी प्रबंधांत अनुस्वाराऐवजी पंचमवर्णही बरेचदा दिसतात, मराठीत सहसा नाहीत, म्हणून दोन्ही रूपं टाका. शोधगंगेवर हिंदी-मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत, कधी रोमन लिप्यंतरात, कधी थेट इंग्रजी भाषांतरात नोंदलेली दिसतात. मूळ शीर्षक 'ठुमरी की परंपरा' असलं तरी नोंद 'ट्रॅडिशन ऑफ ठुमरी' अशी असू शकते.

आणि कोणतं स्पेलिंग कोणत्या तारखेला कुठे टाकलं, किती निकाल आले, त्यातले कामाचे किती, याची नोंद ठेवा. साधी वही चालेल. महिन्याभराने 'बंगाली स्पेलिंगने प्रोक्वेस्ट पाहिलं होतं का?' हे आठवत नाही, आणि तोच शोध पुन्हा करण्यात एक दिवस जातो.

प्रश्न : शोधगंगेवर हिंदीतला प्रबंध मिळाला. वाचता येतो, पण त्यात 'राग' शब्द शोधला तर 'सापडला नाही' म्हणतो. मजकूर कॉपी केला तर भलतीच इंग्रजी अक्षरं येतात. फाइल बिघडली आहे का?

उत्तर : फाइल ठीक आहे. प्रबंध युनिकोडपूर्व, म्हणजे देवनागरी अक्षरांना संगणकात स्वतःचे संकेत मिळण्याआधीच्या पद्धतीच्या फाँटात टंकलेला आहे. कृतिदेवसारख्या फाँटांत देवनागरी ही फक्त अक्षरांची चित्रं असतात, आत साठवण रोमन अक्षरांची होते. कृतिदेवमध्ये 'राग' म्हणजे आत जे-के-एक्स. 'संगीत' म्हणजे एल-ए-एक्स-एच-आर. 'ठुमरी' म्हणजे कॅपिटल बी आणि पुढे लहान क्यू-ई-जे-एच. तेव्हा पीडीएफच्या शोधचौकटीत 'राग' ऐवजी जे-के-एक्स टाकून पाहा, बहुतेक वेळा तो शब्द असलेली पानं समोर येतील. मराठी प्रबंधांत शिवाजी, श्रीलिपी वगैरे फाँट असतात आणि त्यांची अक्षरजुळणी वेगळी असते. अशा वेळी प्रबंधातलाच हवा तो शब्द निवडून कॉपी करा आणि शोधचौकटीत चिकटवा. जुळणी पाठ असायची गरज नाही.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्ण मजकुरात शोधणारी यंत्रं असे प्रबंध 'वाचू' शकत नाहीत. म्हणजे अशा हिंदी-मराठी प्रबंधांपर्यंत तुम्ही शीर्षक आणि नोंदीतल्या शब्दांवरूनच पोचू शकता, आतल्या मजकुरावरून नाही.

उतारा हवा असेल तर फाँट युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर वापरता येतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासून घ्या. जुन्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकला जात असे, त्यामुळे रूपांतरात ते शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. स्कॅन केलेल्या प्रबंधावर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी प्रणाली) चालवायचं असेल तर प्रतिमा ३०० डीपीआयची घ्या.

स्वरलिपी मात्र कधीही कॉपी करून घेऊ नका. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ, मंद्राचं खालचं टिंब, ताराचं वरचं टिंब, यांतलं काहीही ओसीआरमध्ये टिकेल याची खात्री नसते. उरतात नुसती सा रे ग म. कोमल निषादाचा शुद्ध झाला तरी वाचताना लक्षात येत नाही, कारण ओळ दिसायला बिनचूकच असते. पानाची प्रतिमा घ्या किंवा हाताने उतरवून मूळ पानाशी ताडा.

प्रश्न : शोधगंगेवरचा एक प्रबंध पंधरा-सोळा तुकड्यांत आहे. काय आधी उघडावं?

उत्तर : पहिल्या क्रमांकाची फाइल मुखपृष्ठाची, मग प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरणं. शेवटी ८० क्रमांकाची 'रेकमेंडेशन' नावाची फाइल असते, तिच्यात बहुधा मुखपृष्ठ आणि निष्कर्षाचं प्रकरण असतं. आधी अनुक्रमणिका पाहा, मग ती ८० ची फाइल, मग संदर्भसूची. वीस मिनिटांत प्रबंध कामाचा आहे की नाही ते कळतं. कामाचा असेल तर सगळे तुकडे उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फोल्डरला आडनाव-वर्ष असं नाव द्या. प्रत्येक प्रबंधाच्या फाइलींची नावं थोड्याफार फरकाने तीच असतात, मुखपृष्ठाची फाइल सगळीकडे '०१ टायटल'. एकाच फोल्डरमध्ये पाच प्रबंध उतरवलेत तर कोणतं तिसरं प्रकरण कोणाचं, हे शोधत बसावं लागेल.

नोंदीतल्या तारखांवर विसंबू नका. भांडारात चढवल्याची तारीख वेगळी, प्रबंध पूर्ण झाल्याची वेगळी, पदवी दिल्याची वेगळी. संदर्भात लिहायचं वर्ष मुखपृष्ठ आणि प्रमाणपत्रावरून घ्या.

प्रश्न : प्रोक्वेस्टवर हवा असलेला प्रबंध दिसतो, पण फक्त पहिली २४ पानं उघडतात. पुढे काय?

उत्तर : ती २४ पानं झलक म्हणून दिलेली असतात. त्यांत बहुधा अनुक्रमणिका येते, ती जपून ठेवा. पुढच्या पायऱ्या या क्रमाने करा. प्रबंधाचं पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून ओएटीडी आणि गुगल स्कॉलरवर शोधा. तोच प्रबंध विद्यापीठाच्या स्वतःच्या भांडारात खुला ठेवलेला असणं अगदी नेहमीचं आहे. नसेल तर त्या विद्यापीठाचं भांडार थेट उघडा. तिथे नोंद आहे पण फाइल बंद, असं दिसलं तर एम्बार्गो लिहिलाय का पाहा. लेखकाला प्रबंधाचं पुस्तक करायचं असेल, किंवा आत दुसऱ्याच्या हक्कातल्या स्वरलिप्या-रचना असतील, तर सहा महिने, वर्ष, दोन वर्षं असा काळ प्रबंध झाकून ठेवतात. खुला होण्याची तारीख नोंदीत बरेचदा दिलेली असते. ती कॅलेंडरवर टाका.

त्यानंतर लेखकाला पत्र. लोक संकोच करतात, पण प्रबंध कोणी वाचायला मागितला तर लेखकाला आनंदच होतो. पत्र चार ओळींचं असावं : तुम्ही कोण, विषय काय, त्यांच्या प्रबंधातलं कोणतं प्रकरण हवं आणि का. 'संपूर्ण प्रबंध पाठवावा' यापेक्षा 'तिसरं प्रकरण पाहता येईल का' याला उत्तर लवकर येतं. शेवटचा मार्ग आपल्या ग्रंथालयामार्फत आंतर-ग्रंथालय सेवेचा.

आणखी एक शक्यता आधीच तपासा : प्रबंधाचं पुस्तक झालेलं असू शकतं, तेही वेगळ्या नावाने. डॅनियल न्यूमन यांचा १९७४ चा इलिनॉय विद्यापीठातला प्रबंध दिल्लीतल्या संगीतकारांच्या सामाजिक रचनेवर होता, आणि १९८० मध्ये 'द लाइफ ऑफ म्युझिक इन नॉर्थ इंडिया' हे पुस्तक आलं. प्रबंधाच्या शीर्षकाने ग्रंथालयात शोधणाऱ्याला ते पुस्तक दिसणार नाही. तेव्हा लेखकाच्या नावानेही एकदा शोधा.

प्रश्न : 'थिसिस' आणि 'डिझर्टेशन' यांत मोठं कोण?

उत्तर : देशावर अवलंबून. अमेरिकेत पीएच.डी.चं ते डिझर्टेशन, एम.ए.चं ते थिसिस. ब्रिटनमध्ये नेमकं उलट. शोधताना दोन्ही शब्द टाका. संगीतात तेवढ्यानेही भागत नाही. अमेरिकेत वादक-गायकांसाठी डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स, म्हणजे डीएमए, ही पदवी आहे आणि तिच्या लेखी भागाला विद्यापीठागणिक नावं वेगळी : कुठे 'डॉक्युमेंट', कुठे 'ट्रीटिस', कुठे 'एसे'. वादनतंत्र, एखाद्या वाद्यासाठीच्या रचना, अध्यापनपद्धती यांवर काम करणाऱ्याने डीएमए वगळलं तर त्याच्या विषयातलं सर्वांत उपयोगी साहित्यच हुकतं. हे लेखन लहान असतं, पण बोटं कुठे ठेवायची इथपर्यंत तपशील देतं.

प्रश्न : प्रबंधात 'सोबतची ध्वनिफीत पाहा' असं जागोजाग लिहिलंय. पीडीएफमध्ये ध्वनिफीत नाही. ती मिळते का?

उत्तर : कधी कधी. स्कॅन करताना कागद स्कॅन झाले, मागच्या खिशातली कॅसेट किंवा सीडी तशीच राहिली, असं फार ठिकाणी झालंय. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लिहिताना 'प्रबंधासोबतचं पूरक साहित्य' असे शब्द वापरा आणि ज्या पानांवर फितीचा उल्लेख आहे ते पान क्रमांक द्या. नुसतं 'रेकॉर्डिंग आहे का' विचारलं तर ग्रंथपाल सूची पाहतो, तिथे प्रबंध एवढंच लिहिलेलं असतं, आणि उत्तर 'नाही' येतं. पान क्रमांक दिला की कोणीतरी कपाटापर्यंत जातं.

स्वररचनेच्या पदवीसाठी सादर केलेल्या रचनासंग्रहांचंही तसंच. लेखी टिपण खुलं असतं, स्वरलेखन मात्र हक्कांमुळे बंद.

प्रश्न : १९६८ च्या सुमाराच्या एका टंकलिखित प्रबंधाचा उल्लेख तीन पुस्तकांत आहे. कुठल्याही संकेतस्थळावर नाही. कसा गाठायचा?

उत्तर : आधी ती तीन पुस्तकं खरंच प्रबंध पाहून लिहितायत की एकमेकांवरून, ते बघा. तिन्ही ठिकाणी तेच वाक्य, तोच पान क्रमांक आणि तीच स्पेलिंगची चूक असेल तर दोघांनी पहिल्यावरून उतरवलंय. मग वर्ष आणि शीर्षकही चुकीचं असू शकतं.

नोंद पक्की करण्यासाठी भारतीय विद्यापीठ संघाने छापलेली डॉक्टरेट प्रबंधांची सूची आणि त्यांच्या 'युनिव्हर्सिटी न्यूज' या नियतकालिकातली मान्य झालेल्या प्रबंधांची यादी पाहा. दोन्ही मोठ्या विद्यापीठ-ग्रंथालयांत मिळतात. प्रबंध मान्य होणं आणि यादीत येणं यांत बराच काळ जाऊ शकतो, म्हणून पुढची दोन-तीन वर्षंही चाळा. प्रबंध युरोपातला असेल तर शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजची सूची पाहा. अमेरिका-कॅनडाबाहेरचे आठ लाखांहून जास्त प्रबंध त्यांच्याकडे आहेत. जर्मन प्रबंधांचं तर सोपं आहे : तिथे पदवीसाठी प्रबंध प्रसिद्ध करणं बंधनकारक असल्याने तो जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकासारखा सापडतो. ब्रिटनसाठी ब्रिटिश लायब्ररीची ईथॉस ही सेवा सगळे सुचवतात, पण ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात ती बंद पडली. तिच्यावर अवलंबून न राहता त्या त्या विद्यापीठाचं भांडार उघडा.

विद्यापीठ कळलं की ग्रंथपालांना पत्र लिहा. पत्रात संशोधकाचं पूर्ण नाव द्या, आणि स्त्री-संशोधक असेल तर लग्नापूर्वीचं व नंतरचं, अशी दोन्ही नावं. शीर्षक, पदवी, विभाग, वर्ष 'अंदाजे' असेल तर तसं स्पष्ट, आणि माहीत असल्यास मार्गदर्शकाचं नाव. मार्गदर्शकाचं नाव विशेष उपयोगी पडतं, जुन्या दाखल-नोंदवह्यांत शीर्षक अर्धवट लिहिलेलं असलं तरी त्यावरून प्रबंध ओळखता येतो. पहिल्या पत्रात संपूर्ण झेरॉक्स मागू नका. बरीच ग्रंथालयं अप्रकाशित प्रबंधाची पूर्ण प्रत देत नाहीत, आणि एकदा 'नियमात बसत नाही' असं उत्तर आलं की दुसऱ्यांदा विचारणं अवघड होतं. अनुक्रमणिका आणि संदर्भसूचीची पानं मागा, आणि वाचनकक्षात बसून पाहण्याची परवानगी. जाताना आपल्या मार्गदर्शकांचं पत्र बरोबर न्या. टंकलिखित प्रबंधांत स्वरलिपी बहुधा हाताने शाईत भरलेली असते आणि कार्बन प्रतीत ती कधी कधी राहून गेलेली असते. पान कोरं दिसलं तर 'दुसरी प्रत आहे का' हे विचारा.

प्रश्न : झालेले प्रबंध शोधता येतात. पण याच विषयावर आत्ता कोणी काम करतंय का, हे कसं कळणार?

उत्तर : पूर्णपणे कळत नाही. पण भारतासाठी शोधगंगेची जोड-सेवा शोधगंगोत्री पाहा, तिथे नोंदणी झालेल्या विषयांच्या रूपरेषा असतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय प्रबंधसूचीत 'तयारीत असलेले' प्रबंधही दिसतात. पाश्चात्त्य संगीतशास्त्रासाठी 'डॉक्टरल डिझर्टेशन्स इन म्युझिकॉलॉजी' ही सूची आहे. १९५२ मध्ये छापील यादी म्हणून सुरू झाली, आता अमेरिकन म्युझिकॉलॉजिकल सोसायटीकडे आहे.

शोधगंगोत्रीत तुमचाच विषय दिसला म्हणून लगेच खचू नका. रूपरेषा वाचा. शीर्षक सारखं असलं तरी एकाचा काळ १८५७ नंतरचा, दुसऱ्याचा रेडिओच्या आगमनानंतरचा, असं खूपदा असतं. आणि तंत्रज्ञानाकडेही एक नजर टाका : बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११ ते २०१७ या काळात कॉम्पम्युझिक नावाचा प्रकल्प झाला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या संगणकीय विश्लेषणावरचे त्यातले प्रबंध कातालोनियाच्या टीडीएक्स भांडारात खुले आहेत. 'रागातली स्वरस्थानं प्रथमच मोजली' असं वाक्य लिहिण्याआधी ते उघडा.

प्रश्न : प्रबंधातला उतारा माझ्या लेखात घ्यायचा आहे. संदर्भ कसा द्यायचा, आणि परवानगी लागते का?

उत्तर : संशोधकाचं नाव, वर्ष, शीर्षक मूळ भाषेत, 'अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध', विभाग, विद्यापीठ. शोधगंगेचा असेल तर शेवटी त्याचा हँडल दुवा. तो १०६०३ या आकड्याने सुरू होतो आणि टिकाऊ असतो. ब्राउझरच्या पट्टीतून उचललेला पीडीएफचा लांबलचक दुवा देऊ नका, तो बदलू शकतो. पान क्रमांक छापलेला द्या. शोधगंगेच्या तुकड्यांत प्रत्येक पीडीएफ पुन्हा १ पासून मोजते, म्हणून पडद्यावरचं 'पान १२' प्रबंधात १४७ असू शकतं.

शोधगंगेवरच्या प्रबंधांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश, अव्यावसायिक, समवाटप असा परवाना आहे. लेखातल्या उताऱ्याला श्रेय दिलंत की पुरतं. बंदिशीचं मात्र वेगळं. प्रबंधकाराने ती कुठल्या पुस्तकातून किंवा कोणाकडून घेतली ते तळटीपेत पाहा आणि श्रेय तिथे द्या. तळटीपच नसेल तर ती बंदिश प्रबंधाच्या भरवशावर छापू नका. अस्ताईचा एखादा शब्द इकडचा तिकडे झालेला असतो, आणि तुमच्या लेखात आला की पुढचा माणूस तुमचं नाव देऊन तोच उतरवतो.